मुकुंदनं सुचवलेलं नाव

वृंदा पाळंदेबद्दल कलकत्त्यातल्या मराठी घरांतून दोन गोष्टी बोलल्या जायच्या. एक म्हणजे, नवरा गेला तरी सासऱ्यानं तिला घरात न बसवता पुढच्या शिक्षणाला घातलं. दुसरी म्हणजे, काचेच्या बाटल्यांची पेटी घेऊन ती एकटी बजबज गावाच्या आगगाडीत बसते आणि ज्यूट गिरणीच्या मजूरवस्तीत जाऊन तिथल्या विहिरींचं पाणी भरून आणते. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही, अशी कुजबुज सुरू झाली की तिच्या सासूबाई शांतपणे म्हणायच्या, "मला बोलावलंत म्हणजे तिला बोलावलंत." सुनेचं शिकणं त्यांना स्वतःला फारसं रुचलं होतं असं नाही. पण घरातलं न पटणं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, ही त्यांची रीत होती.

सासरे, डॉक्टर श्यामराव पाळंदे, तरुणपणी पुण्याहून कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. भागीरथी विद्यापीठातला आरोग्यशास्त्राचा विभाग त्यांनीच उभा केला होता. मुकुंद त्यांचा एकुलता एक मुलगा. जन्म इथला, शाळा इथली, सवंगडी सगळे बंगाली; त्यामुळे लग्न होऊन आल्यावर नवऱ्याचं मराठी ऐकून वृंदाला हसू आवरायचं नाही. बंगालीत पाणी खातात, म्हणून मुकुंदही पाणी खायचा. "थांब, जरा पाणी खातो," असं तो म्हणाला की नागपूरला रसायनशास्त्र शिकून आलेली वृंदा विचारायची, "बरोबर लोणचं देऊ का?"

मुकुंद डॉक्टर झाला, पण दवाखाना काही त्यानं काढला नाही. फाळणी झाली, पूर्व बंगालातून माणसांचे लोंढे आले, स्टेशनांच्या फलाटांवर आणि लष्करानं सोडलेल्या बराकींत संसार मांडले गेले. मुकुंद तिथं लस टोचत, हौदांत औषध टाकत फिरू लागला. घरी आला की जेवताना बापलेकांची जुंपायची. विषय बहुतेक वेळा एकच असे. श्यामरावांच्या विभागाच्या पदवीचं नाव होतं मास्टर ऑफ हायजिन, आणि मुकुंदला ते नाव मुळीच पसंत नव्हतं.

"हायजिन म्हणजे काय हो बाबा? हात धुवा, नखं कापा, उघड्यावरचं खाऊ नका. सगळा उपदेश गरिबाला. अहो, हात धुवायला आधी पाणी नको का? ते आणायचं कुणी? ते शिकवा की. आणि पदवीच्या नावातच ते येऊ द्या. पब्लिक हेल्थ म्हणा."

"नाव बदललं म्हणजे नळाला पाणी येतं का रे?" श्यामराव विचारायचे.

"नाही येत. पण मग डॉक्टरच्या बाकावर इंजिनिअर येऊन बसेल, नर्स बसेल, आमच्या वृंदेसारखी रसायनवाली बसेल. एकट्या डॉक्टरच्याच काय, त्याच्या बापाच्यानंही पाणी आणवणार नाहीये."

यावर श्यामराव हसायचे, कारण त्या डॉक्टरचा बाप तेच होते.

एका पावसाळ्यात निर्वासितांच्या छावणीतून मुकुंद ताप घेऊन आला. विषमज्वर. त्यावरचं नवं औषध कलकत्त्याच्या बाजारात आलं तेव्हा मुकुंदला जाऊन काही महिने लोटले होते.

दिवसकार्य उरकल्यावर शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी वृंदाच्या बांगड्यांचा विषय काढला. श्यामराव आतून उठून आले. एरवी बायकांच्या बोलण्यात ते कधी पडत नसत. ते वृंदाला म्हणाले, "तुला वाटलं तर काढ, नाही वाटलं तर नको काढूस. कुणी सांगतं म्हणून काही करायचं नाही. या घरात तू मान खाली घालून वावरलेली मला चालणार नाही."

वृंदानं बांगड्या ठेवल्या. त्या दिवसापासून माहेरच्या माणसांपेक्षाही तिचा जीव या म्हाताऱ्यावर जडला. पुढं श्यामरावांनी विद्यापीठात खटपट करून डॉक्टर नसलेल्या थोड्या विद्यार्थ्यांना आपल्या अभ्यासक्रमाची दारं उघडून घेतली, तेव्हा पहिला अर्ज त्यांनी वृंदाला करायला लावला. निवड समितीतून स्वतः मात्र बाजूला झाले. "माझी सून म्हणून कुणी तुला घेतलं, असं कुणाच्या तोंडून निघायला नको," असं ते म्हणाले. ती निवडली गेली. तिच्याबरोबर अणिमा नावाची बारिसालहून निर्वासित होऊन आलेली एक नर्स होती, नगरपालिकेतला एक इंजिनिअर होता. बाकी सगळे डॉक्टर.

दोन वर्षं वृंदा जिवापाड राबली. बजबजच्या मजूरवस्तीत बंगाली, हिंदी, तेलुगू, उडिया असं सगळं कानांवर पडायचं. सुरुवातीला बायका तिला लस टोचणारी समजून पोरांना लपवत. मग त्यांना कळलं की ही फक्त पाणी भरून नेते आणि पुढच्या खेपेला कुठल्या विहिरीचं पिऊ नका ते सांगते. मग त्या तिच्यासाठी मोडा, म्हणजे वेताचं बुटकं आसन, बाहेर आणून ठेवू लागल्या. प्रबंध त्याच पाण्यावर होता. तो जवळजवळ पुरा होत आला होता.

आणि याच सुमारास श्यामरावांनी पदवीचं नाव बदलण्याचा प्रस्ताव विद्यापीठाच्या सभेपुढं ठेवला.

मुकुंद गेल्यापासून हा एकच ध्यास त्यांना लागला होता. जिवंतपणी ज्या गोष्टीवरून मुलाची थट्टा केली, तीच आता त्यांना त्याची शेवटची इच्छा वाटू लागली होती. संध्याकाळी ते आणि वृंदा व्हरांड्यात बसत. कुणी काय आक्षेप घेईल, त्याला उत्तर काय द्यायचं, याची उजळणी चाले. वृंदा मुद्दाम विरोधी पक्ष व्हायची. कधी कधी ती मुकुंदचीच वाक्यं त्याच्याच ढंगात म्हणायची. त्या संध्याकाळी तिला सुखाच्या वाटत. ज्याच्यासाठी रडायचं त्याच्यासाठी काही करताही येतंय, असं तिला वाटे.

अडचण होती ती सभेतल्या बड्या डॉक्टरांची. नावाला त्यांचा विरोध नव्हता. परदेशातल्या पदव्यांची नावं त्यांनाही ठाऊक होती. पण नवं नाव भारदस्त होणार असेल, तर ते नर्सेसच्या आणि केमिस्टांच्या नावापुढं लागता कामा नये, असं त्यांचं म्हणणं होतं. हायजिन नर्सेसनी खुशाल घ्यावं. पब्लिक हेल्थ डॉक्टरांचं.

"मग काय करायचं, मामंजी?" वृंदानं विचारलं होतं.

"बघू. वळवू त्यांना," श्यामराव म्हणाले होते.

पुढं पुढं ते व्हरांड्यात बसेनासे झाले. आले की डोकं दुखतं म्हणून आत जात. वृंदानं विचारलं तर "चाललंय," एवढंच. जेवताना ताटात भात तसाच राहू लागला. सासूबाई एकदा तिला म्हणाल्या, "काहीतरी खुपतंय त्यांना. माझ्याशी तर बोलत नाहीत. तू विचारून बघ." वृंदानं विचारायचं ठरवलं, पण त्याच आठवड्यात सभा आली.

सभेच्या दिवशी श्यामराव ऊन असतानाच परत आले. हातात संदेश मिठाईची हंडी होती. दारातूनच ते म्हणाले, "एकदाचं गंगेत घोडं न्हालं. मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ. या वर्षीपासून."

सासूबाईंनी हातातलं निवडणं बाजूला सारलं. हंडी घेऊन त्या मुकुंदच्या फोटोपुढं गेल्या आणि तिथंच खाली बसल्या. वृंदानं वाकून सासऱ्यांना नमस्कार केला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. "मामंजी, आज हे असते तर," एवढंच तिला बोलता आलं. श्यामरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. फोटोकडं मात्र त्यांनी पाहिलं नाही. तिला वाटलं, भरून आलं असेल.

त्यांनी स्वतः संदेश खाल्ला नाही. पोट बरं नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वृंदा विभागात गेली ती अणिमाला मिठी मारायच्या तयारीनं. अणिमा प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. समोर काचेच्या नळ्या तशाच पडल्या होत्या. वृंदाला पाहून ती उठली नाही.

"तुला माहीत होतं?" तिनं बंगालीत विचारलं.

"काय?"

अणिमा तिच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "जा, दत्तगुप्तसरांना विचार. माझ्यानं नाही सांगवणार."

डॉक्टर हेमांग दत्तगुप्त हे श्यामरावांचे जुने सहकारी. वृंदाचा प्रबंध त्यांच्याच हाताखाली चालला होता. त्यांनी तिला बसायला सांगितलं, खिडकी लावून घेतली, परत उघडली.

"तुम्हाला घरी सांगितलं असेल असं मी धरून चाललो होतो," ते म्हणाले. "नाव मंजूर झालं ते एका अटीवर. नवी पदवी फक्त डॉक्टरांना. जे डॉक्टर नाहीत त्यांना यापुढं प्रवेश नाही. आणि जे आत्ता शिकताहेत, त्यांना पदवी मिळणार नाही. अभ्यासक्रमाला हजर होते, असा दाखला मिळेल."

"जुन्या नावानं तरी?" वृंदानं विचारलं. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"जुनं नाव कालपासून नाही."

"मामंजींनी विरोध केला असेल."

दत्तगुप्त चष्मा काढून पुसत म्हणाले, "अट त्यांनीच मांडली. विरोधकांशी आधी बोलणं झालं होतं. तेही मी समजू शकतो. दुसऱ्या कुठल्या मार्गानं नाव मंजूर झालं नसतं. पण मी उठून म्हणालो, निदान आत्ता शिकणाऱ्या मुलांना तरी यातून वगळा. बऱ्याच जणांना ते पटलं. हात वर झाले. थोडक्यात पडली माझी सूचना. पाळंद्यांनी हात वर केला असता, तर त्यांच्याकडं बघून आणखी चौघांनी केला असता. ते हात मांडीवर ठेवून बसले."

वृंदा उठायला लागली.

"बाहेर आल्यावर मी विचारलं, असं का केलंत? तर म्हणाले, त्या मुलांत माझी सून आहे. मी हात वर केला असता तर लोक म्हणाले असते, पाळंदे सुनेसाठी भांडला." दत्तगुप्तांनी चष्मा चढवला. "मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण काल मला त्यांचा राग आला. फार राग आला."

वृंदा तिथून निघाली ती ट्राममध्ये न बसता चालतच घरी गेली. रस्त्यात तिला काही दिसलं असेल असं नाही. घरी पोचली तेव्हा सासूबाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या आणि श्यामराव पुढच्या खोलीत आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. तिची चाहूल लागली तसे त्यांनी डोळे उघडले. तिच्या चेहऱ्याकडं पाहताच त्यांना कळलं.

"बस," ते म्हणाले.

ती उभीच राहिली.

"मी सांगणार होतो तुला. काल सांगणार होतो. तू पाया पडलीस आणि माझी जीभ उचलेना." ते सावरून बसले. "वृंदा, नीट ऐकून घे. ही संधी गेली असती तर माझ्या हयातीत परत आली नसती. पुढच्या वर्षी मी निवृत्त. नाव आधी येऊ दे. एकदा ते रुजलं की आज ना उद्या दार उघडावंच लागेल त्यांना. माणसं मागून येतील."

"माणसं आलीच होती, मामंजी. आम्ही आत बसलेलो होतो."

"मला कळत नाही का ते? तुमच्या दोन वर्षांचं मला काहीच वाटत नसेल, असं वाटतं तुला?"

"अणिमाला पदवी मिळाली असती तर ती मेट्रन झाली असती. दोन भाऊ आहेत तिचे, छावणीत. तिला काय सांगू मी?"

श्यामराव खुर्चीतून उठायला गेले आणि परत बसले.

"आणि दत्तगुप्तसरांच्या सूचनेला तुम्ही हात वर केला नाहीत," वृंदा म्हणाली. "अट मांडलीत, ते मी कसंही करून गिळलं असतं. यांच्यासाठी केलंत म्हणून गिळलं असतं. पण हात वर करायला काय लागत होतं?"

"लोक म्हणाले असते—"

"म्हणू दे की. मी माझ्या बांगड्या ठेवल्या तेव्हा लोक काय काय म्हणाले. तुम्हीच सांगितलंत ना, कुणी सांगतं म्हणून काही करायचं नाही?"

श्यामरावांचा चेहरा एकदम म्हातारा दिसू लागला. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "मुकुंदची शेवटची इच्छा होती ती," ते म्हणाले. "बाप म्हणून मी त्याचं जिवंतपणी ऐकलं नाही. हे एवढं तरी त्याच्यासाठी करावं म्हटलं."

मागच्या दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. ओला पिळा तसाच हातात होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

वृंदा आता खाली बसली. बोलताना तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "शेवटी मी होते त्यांच्यापाशी. तुम्ही ते परदेशी औषध मिळतंय का बघायला विमानतळावर गेला होता. त्यांनी पदवीचं नाव घेतलं नाही, मामंजी. माझंही घेतलं नाही, तुमचंही नाही. पाणी खायचंय म्हणाले. तेवढंच. मी चमच्यानं घातलं, ते गालावरून ओघळलं. मला हसू आलं तेव्हा. त्या तशा वेळी मला त्यांच्या मराठीचं हसू आलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं."

सासूबाईंच्या हातातल्या कपड्याचं पाणी फरशीवर टपटपत होतं.

"शेवटची इच्छा तुम्ही तुमच्या मनानं ठरवलीत," वृंदा म्हणाली. "त्यांना नाव हवं होतं ते आम्ही सगळ्यांनी एका बाकावर बसावं म्हणून. बाक काढून घेतलात आणि नाव ठेवलंत."

श्यामरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वृंदाला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं. हा माणूस रडताना तिनं फक्त एकदाच पाहिला होता, आणि तेव्हा तिनं त्यांचा हात धरला होता. आता मात्र ती तशीच बसून राहिली आणि थोड्या वेळानं उठून आपल्या खोलीत गेली.

त्या दिवसापासून घरात भांडण म्हणून झालं नाही. वृंदा पहिल्यासारखीच सगळ्यांना वाढायची, श्यामरावांना चहा नेऊन द्यायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची. पण बोलणं तेवढ्यापुरतंच. सासूबाईंनी तर नवऱ्याशी बोलणं जवळजवळ टाकलंच. आपल्या बहिणीपाशी त्या एकदा म्हणाल्या, "मुलगा देवानं नेला, त्याला काय करणार. सुनेला यांनी घालवली."

दाखला घ्यायला वृंदा गेली नाही. पण बजबजच्या उरलेल्या खेपा तिनं केल्या. त्या बायकांना विहिरींचं सांगायचं कबूल केलं होतं, तेवढं पुरं केलं. शेवटच्या दिवशी तिनं सांगितलं की आता मी येणार नाही, तेव्हा एका तेलुगू म्हातारीनं विचारलं, "का? परीक्षेत नापास झालीस?" वृंदा म्हणाली, "हो." समजावून सांगायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

अणिमा आपल्या जुन्या नोकरीवर परत गेली. वृंदाशी ती वाईट वागली नाही, पण भेटायचीही बंद झाली. पाळंद्यांच्या घरातली म्हणून वृंदाकडं बघितलं की तिला ते सगळं आठवत असणार. वृंदानं ते ओळखलं आणि तिनंही मैत्रीचा आग्रह धरला नाही. हे दुसरं दुःखही तिनं मुकाट्यानं सोसलं.

काही महिन्यांनी तिला खिदिरपूरला नोकरी मिळाली. गोदीत लागणाऱ्या जहाजांवर चढवायचं पाणी तपासायचं. पगार बेताचा होता, पण बायकांच्या एका वसतिगृहात खोली घेण्याइतका होता. ती सामान बांधत असताना श्यामराव दारात आले. "जायलाच हवं का?" त्यांनी विचारलं.

"इथून लांब पडतं, मामंजी," ती म्हणाली. लांब मुळीच पडत नव्हतं. ट्राम घरावरून जात होती. दोघांनाही ते माहीत होतं.

दर रविवारी दुपारी ती सासूबाईंना भेटायला यायची. त्या वेळी श्यामराव न चुकता बाहेर पडलेले असत. कुठं जात कुणास ठाऊक. सासूबाई म्हणायच्या की तळ्याकाठी बाकावर बसून असतात, दुधवाल्यानं पाहिलं.

नव्या नावानं पहिला पदवीदान समारंभ झाला तेव्हा विभागप्रमुख म्हणून श्यामरावच व्यासपीठावर होते. वर्तमानपत्रात फोटो आला. मराठी मंडळींनी त्यांचा सत्कार केला, नारळ दिला, भाषणं झाली. सत्काराला उत्तर द्यायला ते उभे राहिले आणि "मी आभारी आहे," एवढंच म्हणून खाली बसले. लोक म्हणाले, पाळंदे फार विनयशील.

मग ते निवृत्त झाले आणि त्यांच्या मनातली खरी घालमेल तेव्हा सुरू झाली. अट काढून टाकावी म्हणून त्यांनी जुन्या ओळखी धुंडाळल्या, एकेकाच्या घरी जाऊन बसले. ज्यांनी त्या वेळी "नाव तर होऊ द्या, बाकीचं मागाहून बघू" म्हटलं होतं, ते आता चहा पाजून त्यांची बोळवण करत. सभेत आता त्यांना मत नव्हतं. दत्तगुप्तांनी त्यांच्या वतीनं प्रस्ताव मांडला. चर्चादेखील न होता तो फेटाळला गेला.

हे सांगायला श्यामराव एका दुपारी खिदिरपूरच्या प्रयोगशाळेत आले. वृंदानं मान वर केली तेव्हा ते दारात उभे होते. उन्हातून आल्यामुळं त्यांना आतलं नीट दिसत नव्हतं आणि ते चुकीच्याच टेबलाकडं बघत होते. "मामंजी," तिनं हाक मारली. ते आवाजाच्या दिशेनं वळले.

तिनं खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना सारखे थांबत होते.

"म्हणजे मी म्हणालो होतो तसं काही होणार नाही," ते शेवटी म्हणाले. "माणसं मागून येणार नाहीत. निदान मी बघेपर्यंत नाही."

"कधीतरी येतील," वृंदा म्हणाली. तिला ते खरं वाटत होतं की नाही हे तिचं तिलाच कळलं नाही. पण समोरच्या माणसाला तसंच बसू देणं तिला जमलं नसतं.

"तू घरी येतेस, पण मी नसताना."

"तुम्ही नसता, मामंजी. मी नेहमीचीच वेळ धरून येते."

"मी घरी राहिलो तर येशील?"

वृंदानं चहाचा कप त्यांच्यापुढं थोडा सरकवला. हो म्हणणं किती सोपं होतं. या माणसावर तिचा जीव होता. तो गेला कुठं होता? त्यांच्या कोटाची कॉलर उसवली होती ती तिला दिसत होती, दाढी करताना गालावर कापलं होतं तेही दिसत होतं. पण डोळ्यांपुढून ते मांडीवर ठेवलेले हात हलत नव्हते. तिनं ते प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते, तरी हलत नव्हते.

"मला नाही सांगता येत," ती म्हणाली. "मी खोटं बोलू का तुमच्याशी?"

"नको," श्यामराव म्हणाले. "तेवढं नको." त्यांनी चहा संपवला, काठी उचलली.

ती त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेली. ते उलट दिशेच्या, एस्प्लनेडच्या ट्रामला हात करू लागले तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्यांना पाटीवरची अक्षरं वाचता येत नाहीत. इथवर कसे आले असतील कुणास ठाऊक. तिनं त्यांचा दंड धरून मागं घेतलं, अलिपूरवरून घराकडं, हाजऱ्याला जाणारी ट्राम येऊ दिली आणि त्यांच्याबरोबर स्वतःही चढली. शेजारी शेजारी बसून दोघं गेली. मध्ये एकदा गाडीला हिसका बसला तेव्हा त्यांनी तिच्या मनगटाचा आधार घेतला आणि लगेच हात काढून घेतला.

घराच्या थांब्यावर तिनं त्यांना उतरवलं, पायरीवरून खाली उतरेपर्यंत धरून ठेवलं. ते रस्त्यावर उभे राहून वर बघत होते. तीही उतरेल असं त्यांना वाटलं असावं. कंडक्टरनं घंटेची दोरी ओढली.

"आईंना सांगा, रविवारी येते," वृंदा म्हणाली.

ट्राम सुटली. शेवटच्या थांब्यापर्यंत ती बसून राहिली. तिथं सगळे उतारू उतरले. कंडक्टरनं वळून पाहिलं, ही बाई रडते आहे हे त्याला दिसलं, आणि काही न विचारता तो खाली उतरून गाडीचा वरच्या तारेला टेकलेला दांडा परतीसाठी उलटा फिरवायला लागला. त्याच गाडीनं ती परत खिदिरपूरला गेली. परतताना हाजऱ्याचा थांबा आला तेव्हा तिनं खिडकीबाहेर पाहिलं नाही.